पिन्सी कुणाच्या हातचं खाते

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पोलिसांचा फोन. चौक गावाच्या पुढे एका बंद फार्महाऊसवर जनावरं बेवारस पडलीत, तपासायला डॉक्टर हवा. गाई असणार असं धरून निघालो. बरोबर इक्बाल. इतकी वर्षं दवाखान्यात माझ्या हाताखाली आहे, पण गाडीत बसायच्या आधी तंबाखू थुंकून ये हे आजही सांगावं लागतं.

गाई नव्हत्याच. घोडे. चार. आणि उंचीला माझ्या कमरेएवढे! मिनिएचर म्हणतात ते. फोटोत पाहिले होते, हात आज पहिल्यांदा लावला. मुंबईच्या कुणा मालकाने रिसॉर्टवर पोरांना बसवायला आणले. रिसॉर्ट बंद पडलं, मालक परत फिरकला नाही. शेजारच्या वाडीतली जनाबाई मनाला येईल ते त्यांना घालत होती. भाकरी, कणी, गूळ. चहासुद्धा.

जनाबाई : “आमाला वाटलं बारकी पोरं हायत, वाढतील. तीन वरसं झाली डाक्टर, वाढंनात.”

मला हसू आलं, मग आलं नाही.

लांबून गुबगुबीत दिसतात, पण ते सगळे केस. केसांत हात घातला की बरगड्या लागतात. दोन तांबडे नर, अंगभर उवा. एक म्हातारा, दाढा इतक्या टोकदार की गालाला आतून जखमा, चावलेलं गवत गोळे होऊन तोंडातून पडतं. खूर सगळ्यांचेच वाढून मोजडीसारखे वर वळलेले. चौथी घोडी. हिची तऱ्हा उलटी. चरबीच चरबी, मानेवर वळी. गूळ सगळा हिच्या वाट्याला गेलेला. मालकाने नाव ठेवलं प्रिन्सेस, जनाबाईच्या तोंडी पिन्सी. खुराला हात लावला तर गरम. पुढचे पाय लांब टाकून टाचांवर तोलून उभी राहते.

पाय तपासून सोडला तर तिने हनुवटी आणून माझ्या तळहातावर ठेवली आणि तशीच उभी राहिली. मी असल्या गोष्टींनी हलणारा माणूस नाही. पण हात काढला नाही. इक्बालने पाहिलं, हसला.

माथेरानच्या घोड्यांना मी बघतो आहे ते काय आजपासून नाही. उंची कमी असली म्हणून काय, घोडा तो घोडा. होईल ठीक.

४ नोव्हें., मंगळ.

प्राणी सोडवणाऱ्या संस्थेच्या हेमाताईंचा फोन. घोडे सध्या त्यांच्या ताब्यात, पण ठेवायला जागा नाही. कोंडाणे गावाच्या रस्त्याला माझा गोठा रिकामा आहे, मीच म्हटलं आणा. बाई खूष. मग शेवटी, जाता जाता : “आणि डॉक्टर, घोड्यांच्या स्पेशालिस्ट येतायत पुण्याकडून. तुमच्या मदतीला. डॉ. रेवती. तुम्ही ओळखत असाल.”

ओळखत असाल! शिकाऊ म्हणून माझ्याच दवाखान्यात आली होती. सुई कुठल्या शिरेत घालायची ते माझ्या हाताखाली शिकली. पहिला घोडा तिला मी दाखवला, माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर, पोटदुखीचा. आता घोड्यांच्या शर्यतींवाले तिला गाडी पाठवतात म्हणे. आणि ती माझ्या “मदतीला”.

शैलाला सांगितलं. बायको म्हणून दोन शब्द माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं. “अगंबाई, रेवती येतेय? किती वर्षांनी! घरीच उतरू दे तिला.”

नाव पूर्ण लिहायलाही नको वाटतंय. रे. पुरे.

६ नोव्हें., गुरु.

टेंपोतून आले चौघे. रस्त्यावर ही गर्दी. भातकापणी टाकून बायका बघायला आल्या. “कुत्री हायत का रं?” “गप गं, घोडं हायत.” मी मध्ये उभा, सगळ्यांना सांगत. छान वाटलं, खोटं का बोला.

म्हाताऱ्याच्या दाढा घासल्या. तांबड्यांना उवांचं औषध. नालबंद माथेरानहून सोमवारी येईल, खूर एकदम नाही, थोडे थोडे कापायचे.

पिन्सी टेंपोतून उतरेना. उचलून उतरवली. पोट तट्ट, पाय गरम, अंगावर ही चरबी. खाणं बंद केलं. दोन दिवस नुसतं पाणी. लग्नातला भात खाऊन म्हैस फुगते तिला आपण हेच करतो, माथेरानच्या घोड्याचं पोट धरलं तरी हेच. पोटाला आराम मिळाला की पायही उतरतील. इक्बालला बजावलं, कितीही तोंड वेंगाडलं तरी काडी द्यायची नाही.

रे. येणार होती परवा, आता रविवारी येतेय. उत्तम. तोवर घोडी माझ्या औषधावर चालायला लागलेली असेल. येऊन काय बघशील ते बघ म्हणावं.

७ नोव्हें., शुक्र.

रे.चा फोन. उचलला नाही. म्हशीच्या पोटात हात होता, खरंच होता. नंतर पुन्हा आला तेव्हा नव्हता. तरी उचलला नाही. काय सांगणार ती? सर, हे करा, सर, ते करा. सर म्हणत म्हणत गुरूला धडे.

पिन्सी कोपऱ्यात तोंड घालून उभी. भुकेचा रुसवा.

८ नोव्हें., शनि.

आणखी एक फोन तिचा, दुपारी. वाजू दिला.

पिन्सी पाण्यालाही तोंड लावत नाही. संध्याकाळी मूठभर गवत पुढे केलं, म्हटलं पुरे झाला उपास. बघितलंसुद्धा नाही. कान गार. इक्बाल म्हणाला, “साहेब, ही रुसलेली नाय. ही आजारी हाय.” त्याच्यावर ओरडलो.

उद्या सकाळी नऊला रे.

९ नोव्हें., रवि.

लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

ती आली. गाडीतून उतरून वाकून नमस्कार केला. डोक्यावरचे केस मुलासारखे कापलेत. शैलाने तिच्यासाठी घावणे केले होते, नारळाच्या रसाबरोबर. माझ्या वाढदिवसाला पाव आणला होता. इक्बाल इस्त्रीचा शर्ट घालून. “मॅडम, चाय में साखर कम ना? माझ्या लक्षात हाय.” माझ्या चहात साखर किती लागते हे त्याला आजतागायत ठाऊक नाही.

गोठ्यात शिरली आणि पिन्सीला पाहून तिचा चेहरा बदलला. रक्त काढलं, नळी खिडकीत उभी केली. आम्ही सगळे बघत राहिलो. मी, हेमाताई, इक्बाल. लाल खाली बसलं आणि वर जे राहिलं ते पाण्यासारखं पिवळसर असायला हवं. ते दुधासारखं पांढरं होतं.

मी इतक्या वर्षांत असं रक्त पाहिलेलं नाही. रे.ने सांगितलं, घोडी उपाशी राहिली की अंगातली सगळी चरबी रक्तात उतरते, आणि ती यकृतात जाऊन बसते. लठ्ठ आणि बुटक्या जातीत जास्तच. माथेरानच्या घोड्याला चरबीच नसते, उतरणार कुठून! हे मला कसं कळावं? कळलं असतं. फोन उचलला असता तर.

हेमाताईंनी विचारलं, “पण हे झालं कशाने? हिचं खाणं बंद केलं होतं का कुणी?”

इक्बाल जमिनीकडे बघायला लागला. मी तोंड उघडलं होतं. त्याआधीच रे. म्हणाली, “माझ्याकडून झालं ते. खाणं कमी करा असं मी कळवलं होतं सरांना, किती कमी ते नीट सांगायला हवं होतं.”

मला काही कळवलं नव्हतं तिने. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

दुपारी तिने पोटावर सोनोग्राफी फिरवली. गाभण! सात-आठ महिन्यांची. दोन तांबड्यांपैकी कुणाचं ते कोण जाणे. मी चरबी म्हणत होतो. गाभण असताना उपाशी ठेवली म्हणजे धोका दुप्पट. ही गेली तर दोघं जातील.

१० नोव्हें., सोम.

मी मागितली होती का ही मेहेरबानी? चारचौघांत मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन सुनावल्या असत्या. आता काय सुनावणार? तिच्यापुढे उभं राहिलं की मीच बुटका घोडा. मोठी झालीच आहे, वर मोठ्या मनाचीही. एखाद्याने किती म्हणून असावं?

नाकातून नळी घालून पातळ पेज, ग्लुकोज शिरेतून, इन्सुलिन. नळी तीच घालते. हात लहान, एकदाही घोडी दचकत नाही. मी सलाईनची बाटली धरून उभा. मी! नालबंद आला तर तोही तिलाच विचारतो, कुठून कापू.

रे. आमच्याच घरी राहते. माझ्या खुर्चीत बसून जेवते. शैला आणि ती ओट्याशी हसत असतात. मी आत गेलो की थांबतात. शैला म्हणाली, “अहो, असं तोंड करून बसू नका, पोरगी घाबरते.” पोरगी घाबरते म्हणे.

११ नोव्हें.

पिन्सी आडवी. उठवली, पुन्हा आडवी. रक्त तसंच पांढरं. रे. म्हणाली, “सर, स्वतःहून दोन घास खाल्ले तर वाचेल. नळीवर फार दिवस निघणार नाहीत.” हिरवं गवत, लसूणघास, सफरचंदाची साल, भिजवलेला कोंडा, सगळं तोंडापुढे करून झालं. रे.ने केलं, इक्बालने केलं, जनाबाईला आणवलं. जनाबाई तिच्या गळ्यात पडून रडली. “पिन्से, खा गं बाय माजी.” नाही.

मी पुढे केलं नाही. माझ्याच हातून नाही खाल्लं तर? सगळ्यांसमोर?

१२ नोव्हें., बुध.

खाल्लं!!

कसं झालं ते इथे लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही. रे. घरी आंघोळीला गेली होती, इक्बाल बाटल्या आणायला. मी एकटा. घोडी बसलेली होती, मान वर. मी तिच्याकडे पाठ करून खाली जमिनीवर बसलो. बसलो कशासाठी, तर रागाने. बघायचंच नव्हतं तिच्याकडे. हातात सुकं गवत होतं, हात मागे टेकलेला. आणि रे.ला मनात होत्या-नव्हत्या तेवढ्या शिव्या देत होतो, चांगल्या मोठ्याने. आली मोठी. माझ्याच हाताखाली शिकून. केस कापून. घावणे खाऊन.

हाताला ओढ बसली. मला वाटलं गवत अडकलं. मागे बघणार तोच पुन्हा ओढ, आणि चावल्याचा आवाज. वळलो नाही. श्वाससुद्धा हळू घेतला. शिव्या मात्र चालू ठेवल्या, कारण थांबलो की ती थांबत होती. मूठ संपली. दुसरी मूठ घेतली.

रे. आली तेव्हा घोडीच्या ओठाला गवत लटकत होतं. दारातच थांबली. डोळ्यांत पाणी तिच्या. “सर! कसं केलंत?”

“खाल्लं तिने,” म्हटलं. एवढंच. आणि अंगातून काय आनंद फिरला! वाचली म्हणून होता तो, अर्थातच. पण तू करू शकली नाहीस, मी केलं, हाही होता. आणि हा दुसरा जास्त होता. लिहिलं आता, काय करायचं ते कर.

१५ नोव्हें., शनि.

रे. काल गेली. रक्त बरंच निवळलं. जाताना सगळं समजावून गेली. सुकं गवत पाण्यात तासभर भिजवायचं, पाणी ओतून द्यायचं म्हणजे त्यातली साखर जाते, मग द्यायचं. गूळ बंद, कणी बंद. पण उपाशी म्हणून ठेवायची नाही. हे शेवटचं माझ्याकडे न बघता म्हणाली.

घर शांत झालं. शैला : “सुनं सुनं वाटतं नाही?” मला नाही वाटत.

हेमाताईंच्या संस्थेने व्हिडिओ टाकलाय. रे. बोलते त्यात. “आमचे सर नसते तर ही घोडी गेली असती.” चारदा बघितला. कुठे तरी खोच असेल म्हणून शोधत होतो. नाही सापडली. पाचव्यांदा बघायला लागलो तर शैलाने फोन काढून घेतला. “जळून जळून काळे व्हाल,” म्हणाली.

१९ नोव्हें.

रोज सकाळी आधी गोठा, मग दवाखाना. गवत मीच भिजवतो. पाठ करून बसायचं, हात मागे, बडबड करायची. आता रे. सोडून इतरही विषय येतात. टोलवाले. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. जावई. पिन्सी सगळं ऐकून घेते. खाऊन झालं की मागून येऊन खांद्यावर हनुवटी ठेवते.

इक्बालने दिलं तर हुंगते, सोडते. जनाबाई परवा आली, तिच्या हातचा एकच घास घेतला. जनाबाई रुसली. “मला इसरली गं.” मी तिला म्हटलं, असू दे हो, जनावर आहे. वरून. आतून मी उडत होतो.

इक्बालने विचारलं, साहेब तुमी पाठ का करून बसता? म्हटलं कंबर धरते.

२४ नोव्हें., सोम.

म्हातारा दोन्ही गाल भरून खातो. तांबड्यांची आयाळ कापली, खाली चक्क देखणे निघाले. नालबंदाने पिन्सीचे खूर दुसऱ्यांदा छाटले. आज पाच पावलं टाचांवर न तोलता चालली.

शैला सकाळी गोठ्यात आली, थोडा वेळ उभी राहिली. “मला कधी विचारलं होतंत का एवढं, खाल्लंस का म्हणून? माझी दोन्ही बाळंतपणं झाली.” हसत म्हणाली. मग हसत नव्हती. मी भिजलेलं गवत पिळत राहिलो.

२९ नोव्हें., शनि.

रे. आली होती. पुन्हा सोनोग्राफी. शिंगरू जिवंत, ठोके छान. पण या जातीत शिंगराचं डोकं मोठं आणि घोडीची वाट लहान. अडली तर अर्ध्या तासाचा खेळ. तिच्याकडे लोणावळ्याच्या पलीकडे दवाखाना आहे, भूल, ऑपरेशनचं टेबल, माणसं. इथे मी आणि इक्बाल. म्हणजे पिन्सीला तिकडे न्यायचं. आत्ताच, अजून वेळ आहे तोवर, म्हणजे तिथे रुळेल.

हेमाताई म्हणाल्या, मग ठरलं. रे. म्हणाली, “नाही. सर ठरवतील.”

पुन्हा तेच! निर्णय माझ्यावर टाकून पुन्हा मोठी. नाही म्हणालो असतो तर? पहिलटकरी गाई अडलेल्या किती ओढल्या मी. माहीत आहे काय होतं ते. एकदा खांदा अडकला की आत हात घालायला जागा राहत नाही, आणि हिच्यात तर माझी बोटंही जाणार नाहीत.

“न्या,” म्हटलं. नीट म्हणता आलं नाही, खेकसल्यासारखं झालं. रे. म्हणाली, “थँक्यू सर.” मी बाहेर जाऊन उगाच गाडीचं टायर बघत उभा राहिलो.

२ डिसेंबर, मंगळ.

गेली. टेंपोत चढेना, मी पुढे चढून पाठ करून बसलो तेव्हा चढली. मग मी हळूच बाजूने उतरलो आणि फळी लावली. ही फसवणूक झाली. तिने हाक मारली एकदा. टेंपो वळणावर गेला तरी मला ऐकू येत होती, म्हणजे येत नसणार.

इक्बाल सोबत गेलाय दोन दिवस.

शैलाने संध्याकाळी न विचारता शिरा केला. खाल्ला.

३ डिसें.

इक्बालचे फोटो. फोटोंवर फोटो. रे.चा दवाखाना. खाली रबराच्या गाद्या, वर पंखे, पाण्याची आपोआप भरणारी भांडी. “साहेब, ये देखो, घोड्याला गरम पाण्याची आंघोळ!” परत कधी येतोस विचारलं. “मॅडम म्हणाल्या ऱ्हा आणखी चार दिवस.” राहा. कायमचा राहा. रबराच्या गादीवर झोप.

पिन्सी खाते का विचारलं नाही. खातच असणार. इतक्या सोयी असताना गोठ्यातला म्हातारा कुणाला आठवतो?

४ डिसें., गुरु.

संध्याकाळी रे.चा फोन. पहिल्याच रिंगला उचलला.

“सर, पिन्सी खात नाहीये. आल्यापासून नाहीच म्हणा. तुमच्यासारखंच भिजवलेलं गवत, तुमच्याच गोठ्यातलं आणलंय, तरी नाही. आज रक्त परत गढूळ दिसतंय.”

आता जे लिहितो ते खरं आहे. पहिली जी गोष्ट मला झाली ती म्हणजे आनंद. छातीत मावेना असा. नाही ना खात? पंख्याखाली, रबरावर, तुझ्या हातून, नाही ना खात! किती वेळ होता कुणास ठाऊक, पण होता. मग दिवस मोजले. दोन दिवस. उपाशी. शिंगरू आत. काय होतं ते मला आता माहीत आहे, मला कळलं नव्हतं असं आता म्हणता येणार नाही.

रे. म्हणाली, “तुम्ही कसं भरवता सर तिला? काही खास करता का?”

“खास काय. हाताने.”

“म्हणजे, काही बोलता, किंवा…”

“मी येतो उद्या. बघतो.”

“आत्ताच निघता येईल का?”

भिवपुरीला एक म्हैस अडलेली आहे, जायलाच हवं, हे सांगितलं. खोटं नाही. पण सांगायला दोन वाक्यंच लागली असती, पाठ करून बस, हात मागे धर. ती लगेच जाऊन बसली असती. मी नाही सांगितली. म्हशीचं रेडकू जिवंत काढलं, लोकांनी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि सगळा वेळ माझ्या डोक्यात एकच. उद्या मी जाईन, सगळे बघत असतील, आणि ती माझ्या हातून खाईल.

शैलाने विचारलं काय झालं. म्हटलं खात नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “आणि तुम्ही हसताय?”

मी हसत नव्हतो. आरशात जाऊन बघितलं.

५ डिसें., शुक्र.

खोपोलीत, सीएनजीच्या रांगेत. पुढे रिक्षाच रिक्षा. एकटाच आहे गाडीत, वही बरोबर होती म्हणून लिहितोय.

उजाडताना इक्बालचा फोन आला. फोटो पाठवणारा तोच, पण आवाज बारीक. “साहेब, ती आडवी झाली परत. मॅडम कालपासून जेवल्या नाहीत. तिच्यापुढेच बसून हायत.” कुणापुढे? विचारलं नाही. पिन्सीपुढे, समोरासमोर, डोळ्यांत बघत. तिथेच चुकतंय.

एक रिक्षा सरकते आणि नळीवाला पोरगा चहा प्यायला जातो. वर अजून घाट आहे. तिथे ट्रक उभे असले तर दुपार होईल. दुपार!

फोन लावला.

“रेवती, ऐक. घोडीकडे पाठ करून बस. जमिनीवर, खुर्ची नको. गवत हातात, हात मागे टेकलेला. वळून बघायचं नाही, खाल्लं तरी नाही. आणि बडबड करत राहा, मोठ्याने, थांबलीस की ती थांबते.”

“काय बडबडू सर?”

“काहीही. मी शिव्या देतो.”

“कुणाला?”

“ते राहू दे.”

“सर, हे काल सांगितलं असतंत…”

“हो,” म्हटलं.

वाट बघितली, आता तरी बोलेल काहीतरी. रागाचं. नाही बोलली. “बसते मी,” म्हणाली आणि ठेवला.

आता बसली असेल. छोटे केस, पाठमोरी, रबराच्या गादीवर. काय बोलत असेल? शिव्या देत असेल तर मलाच देत असेल, आणि द्यायलाच पाहिजेत. पिन्सी तिच्या पाठीकडे बघत असेल. पाठ माझी नाही हे तिला कळत असेल का?

मी पोचायच्या आत तिने खावं. हे लिहिलं. आता मनापासून म्हणून बघतोय. निम्मंच येतंय. उरलेलं निम्मं म्हणतंय, थांब गं जराशी, मी येतोय.

फोन सीटवर उलटा ठेवलाय. पुढे जागा झालीय, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतोय.